एकोणतीस वेळा तीच व्यक्ती: सेझानची ओर्तांस आणि निष्कर्षाची घाई

मंडळी, आजचा विषय नेहमीपेक्षा वेगळा आहे. मागचे काही लेख प्रपोजल कसं लिहायचं, लिटरेचर रिव्ह्यू कसा करायचा, गाईड कसा निवडायचा याबद्दल होते. आज चित्रांबद्दल बोलूया. मी विज्ञानाची विद्यार्थिनी, चित्रकलेची पदवी माझ्याकडे नाही, हे आधीच सांगते. पण संशोधन म्हणजे नक्की काय, हे पीएचडीला बसणाऱ्या कुणाला समजावायचं असेल तर मला एका चित्रकाराने आपल्या बायकोच्या काढलेल्या चित्रांइतकं चांगलं उदाहरण अजून सापडलेलं नाही. आणि त्या चित्रांबद्दल शंभर वर्षं जे लिहिलं गेलं, ते निष्कर्ष कसा काढू नये याचंही तितकंच चांगलं उदाहरण आहे.

चित्रकार म्हणजे पॉल सेझान, जन्म १८३९, फ्रान्सच्या दक्षिणेकडच्या एक्स-आं-प्रोव्हांस गावचा. बायको ओर्तांस फिके, जन्म १८५०. दोघांची ओळख साधारण १८६९ मध्ये पॅरिसला झाली. पुढच्या वीस-बावीस वर्षांत सेझानने तिची तैलरंगात जी चित्रं काढली त्यांपैकी २९ आज माहीत आहेत. पेन्सिलची रेखाटनं आणि थोडे जलरंग वेगळेच. २०१४-१५ च्या हिवाळ्यात न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने या २९ पैकी २४ चित्रं एका जागी आणून प्रदर्शन भरवलं होतं. आज ही चित्रं बॉस्टन, शिकागो, फिलाडेल्फिया, साओ पाउलो, स्टॉकहोम अशी जगभर विखुरलेली आहेत. बहुतेक संग्रहालयांच्या संकेतस्थळांवर ती मोठ्या आकारात बघायला मिळतात, म्हणजे तिकीट न काढताही तुम्हाला या लेखातला शब्दन्‌शब्द तपासता येईल. तपासाच.

आता ही चित्रं पहिल्यांदा बघितल्यावर काय वाटतं? खरं सांगायचं तर थोडा विरस होतो. बायकोची चित्रं म्हटल्यावर आपण जिव्हाळा, लाडीगोडी, निदान ओठांच्या कडेला थोडं हसू शोधतो. इथे तसलं काहीच नाही. ओर्तांस बसलेली आहे. हात मांडीवर, ओठ मिटलेले, नजर कधी समोर, कधी बाजूला, कधी कुठेच नाही. चेहरा अंडाकृती, केस बहुतेकदा घट्ट मागे बांधलेले. एका चित्रात ती पंचविशीची वाटते, दुसऱ्यात चाळिशीची, आणि तिसऱ्यात ती वेगळीच बाई आहे की काय असं वाटावं इतकी निराळी.

या कोऱ्या चेहऱ्यावरून लोकांनी काय काय ठरवलं ते बघा. ती रुक्ष होती, कंटाळलेली होती, नवऱ्याच्या कलेत तिला रस नव्हता, संसार नावापुरता होता. सेझानच्या मित्रमंडळींनी तिला ‘ला बूल’ म्हणजे गोळा असं टोपणनाव ठेवलं होतं. नवरा मरणपंथाला लागलेला असताना ती शिंपिणीकडची ठरलेली वेळ सोडायला तयार नव्हती, म्हणून उशिरा पोचली, ही गोष्टही वर्षानुवर्षं सांगितली गेली. चित्रं या गोष्टींचा पुरावा म्हणून दाखवायची आणि गोष्टी चित्रांचं स्पष्टीकरण म्हणून सांगायच्या. एकदा हे चक्र सुरू झालं की ते कुठूनच तुटत नाही, कारण प्रत्येक टोकाला दुसरं टोक आधाराला उभं असतं.

तुम्ही म्हणाल, यात आपला काय संबंध? संबंध असा की हीच गोष्ट लॅबमध्येही रोज होते. समोर एक ठळक पॅटर्न दिसतो, मनात एक गोष्ट आधीच तयार असते, आणि दोन्ही जुळतात म्हणून आपण खूश होतो. इथे मात्र किंमत एका खऱ्या बाईने मोजली. तिची स्वतःची पत्रं फारच थोडी उरली आहेत. तिची बाजू मांडणारं कुणी नव्हतं, आणि ‘चित्रकाराची वाईट बायको’ ही तिची ओळख तिच्यामागे राहिली. १९२२ साली ती गेली. निष्कर्ष चुकला तर पेपर मागे घेता येतो, माणसाची अशी झालेली ओळख मागे घ्यायला कुठली सोय नाही.

तर मग हा दावा तपासूया. ज्या पायऱ्यांनी तुम्ही उद्या तुमच्या विषयातला एखादा पेपर तपासाल, त्याच पायऱ्यांनी.

पहिली पायरी: कंट्रोल कुठे आहे?

दावा असा आहे की ओर्तांसचा चेहरा कोरा दिसतो कारण त्या नात्यात ओलावा नव्हता. हा दावा टिकायचा असेल तर ज्यांच्याशी सेझानचं नातं वेगळं होतं त्यांचे चेहरे वेगळे दिसायला हवेत. सुदैवाने तुलनेला भरपूर माल आहे. सेझानने आयुष्यात जवळपास २०० व्यक्तिचित्रं काढली, त्यांतली २६ स्वतःची. आता ती शेजारी लावून बघा. स्वतःची चित्रं: कोरा चेहरा. मुलगा, ज्याच्यावर त्याचा जीव होता: कोरा चेहरा. कॉफीच्या भांड्याशेजारी निळ्या कपड्यांत बसलेली ती प्रौढ बाई: दगडासारखी. पत्ते खेळणारे शेतकरी: पत्त्यात जिंकतायत की हरतायत ते कळणार नाही. शेवटच्या वर्षांत काढलेला माळी व्हालिए: टोपीखाली चेहरा जवळजवळ विरघळलेलाच.

म्हणजे कोरेपणा नमुन्यात नाही, उपकरणात आहे. तुमच्या सूक्ष्मदर्शकातून बघितलेली प्रत्येक पेशी पिवळसर दिसत असेल तर पेशी पिवळी आहे असं तुम्ही लिहिणार नाही, दिवा बघाल. तसंच आहे हे. जी गोष्ट सगळ्या चित्रांत सारखी आहे ती एकीच्या स्वभावाचा पुरावा होऊ शकत नाही. इतकी साधी तुलना, पण ओर्तांसबद्दल ठाम मतं मांडणाऱ्यांपैकी कितीतरी जणांनी ती करायची तसदीच घेतली नाही.

दुसरी पायरी: मोजमाप कसं झालं?

सेझान अतिशय हळू काम करायचा. चित्रविक्रेता आंब्रुआझ व्होलार याने १८९९ मध्ये त्याच्याकडून स्वतःचं चित्र काढून घेतलं. त्यासाठी आपल्याला ११५ वेळा बसावं लागलं असं त्याने लिहून ठेवलंय. एकदा बसल्या बसल्या त्याला डुलकी लागून तो पडला, तेव्हा सेझान त्याच्यावर खेकसला की सफरचंदासारखं बसायचं असतं, सफरचंद कधी हलतं का! व्होलार गोष्ट रंगवून सांगणारा माणूस होता, त्यामुळे आकडा अगदी काटेकोर धरू नका. पण चित्राला बसणं म्हणजे किती दीर्घ काम होतं ते यावरून कळतं.

आता मला सांगा, अशा बैठकीत हसू किती वेळ टिकेल? छायाचित्रणाच्या अगदी सुरुवातीच्या काळातल्या फोटोंमधली माणसं आठवा. बहुतेक गंभीर. याचं एक कारण असं की कॅमेऱ्यासमोर बराच वेळ न हलता बसायचं तर चेहरा सैल सोडूनच बसावं लागतं. जे क्षणात येतं आणि क्षणात जातं ते दीर्घ एक्सपोजरमध्ये टिकत नाही. उरतो तो चेहऱ्याचा सांगाडा: कपाळ, नाक, गालाची गोलाई, मान.

हे नुसतं माझं म्हणणं आहे असं समजू नका, कारण याचीही तपासणी करता येते. सेझानच्या वह्यांमध्ये ओर्तांसची पेन्सिलची रेखाटनं आहेत. पेन्सिलचं काम भराभर होतं. तिथे ती डोकं टेकवून बसलेली आहे, झोपलेली आहे, शिवणात गुंतलेली आहे. आणि तिथे तोच चेहरा मऊ आहे! एका कागदावर तर तिचं कललेलं डोकं आहे, आणि शेजारी हायड्रेंजियाचा फुलोरा, पानांना हिरवा जलरंग लावलेला. हायड्रेंजियाला फ्रेंचमध्ये ओर्तांसिया म्हणतात. म्हणजे बायकोच्या नावावरची कोटी आहे ही. कुणाला विकायला किंवा प्रदर्शनात मांडायला काढलेलं असं ते वाटत नाही. ज्या माणसाला बायकोबद्दल काहीच वाटत नाही तो असल्या कोट्या करत बसेल का, हा प्रश्न मी मोकळा सोडते. माझा मुद्दा त्याहून लहान आहे: व्यक्ती तीच, बघणारा तोच, काळही साधारण तोच, पण साधन बदललं की दिसणारा भाव बदलतो. मग भाव व्यक्तीचा म्हणायचा की साधनाचा? पद्धत आणि परिणाम यांची अशी गल्लत झालेली असते तेव्हा दोन वेगळ्या पद्धतींनी तीच गोष्ट मोजून बघणं हा उत्तम उपाय असतो. सेझानने ते आपल्यासाठी करून ठेवलंय.

तिसरी पायरी: लेबलं कुणी लावली?

ही पायरी मला सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण नवीन संशोधक इथेच बेसावध असतात. यांतली बहुतेक चित्रं ‘मादाम सेझान’ या नावाने ओळखली जातात. बॉस्टनचं प्रसिद्ध चित्र ‘लाल आरामखुर्चीत मादाम सेझान’ साधारण १८७७ चं आहे. पण १८७७ मध्ये मादाम सेझान नावाची तरुण बाई अस्तित्वातच नव्हती! सेझानचा बाप मोठा सावकार, बँकेचा मालक, आणि मुलाचा खर्च त्याच्या पैशावर चालायचा. म्हणून सेझानने ओर्तांसशी असलेलं नातं बापापासून लपवून ठेवलं. जानेवारी १८७२ मध्ये मुलगा झाला, तरीही लपवलं. १८७८ मध्ये संग्राहक व्हिक्तोर शोके याचं एक पत्र बापाने फोडलं आणि त्यात बायको-पोराचा उल्लेख सापडला. बापाने पैसे आखडते घेतले. मग सेझानने बालमित्र एमिल झोलाला पत्र लिहून ओर्तांसला ६० फ्रँक पाठवायची विनंती केली, आणि ती काही महिने पुन्हा पुन्हा करावी लागली. लग्न झालं ते २८ एप्रिल १८८६ ला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये बाप वारला.

म्हणजे सतरा वर्षं ही बाई कागदोपत्री कुणीच नव्हती. लाल खुर्चीतल्या त्या चित्राकडे हे माहीत असताना बघा आणि ‘बायको’ या लेबलाखाली बघा, दोन वेगळ्या गोष्टी दिसतात. लेबल आपल्याला सांगतं की ही घरची गृहिणी आहे, मग तिने प्रसन्न दिसायला हवं. तारखा सांगतात की उद्याचा खर्च कसा चालेल याची खात्री नसलेली, लहान मूल असलेली, सत्तावीस वर्षांची ही बाई आहे. लेबल नंतर लागलं, विक्रेत्यांनी आणि कॅटलॉग करणाऱ्यांनी लावलं. तुम्ही उद्या दुसऱ्या कुणाचा डेटासेट वापराल, त्यातल्या कॉलमला नाव कुणी दिलं आणि कधी दिलं हे आधी विचारा.

चौथी पायरी: तारखा कशावरून?

सेझान आपल्या चित्रांवर सहसा तारीख घालत नसे. मग हे १८७७ चं आणि ते १८९० चं असं अभ्यासक कसं ठरवतात? बऱ्याचदा शैलीवरून. रंग जाड असेल तर आधीचं, पातळ आणि समांतर फटकाऱ्यांचं असेल तर नंतरचं, असं काहीसं. मग त्या तारखांनुसार चित्रं लावली जातात आणि म्हटलं जातं, बघा, शैली कशी जाडाकडून पातळाकडे गेली! हसू नका. ज्याने क्रम लावला तीच गोष्ट क्रमातून सिद्ध झाली, असं होणारे पेपर आपल्या विषयांतही निघतात. अनेक चित्रांच्या तारखा वेगवेगळ्या कॅटलॉगमध्ये काही वर्षांनी पुढेमागे सरकलेल्या दिसतात त्या यामुळेच.

पण काही चित्रांना बाहेरचा आधार आहे. लाल खुर्चीमागे पिवळसर-हिरवट वॉलपेपर आहे आणि त्यावर निळी नक्षी. तोच वॉलपेपर सेझानच्या दुसऱ्याही काही चित्रांत येतो. १८७७ च्या सुमारास तो पॅरिसमध्ये ज्या घरात राहत होता त्या घराशी अभ्यासकांनी तो जोडला आहे. तसंच लाल पोशाखातल्या न्यूयॉर्कच्या चित्रातली खोली सें-लुई बेटावरच्या १५, के दांजू या पत्त्याची मानली जाते. ते घर सेझानने १८८८ ते १८९० या काळात भाड्याने घेतलं होतं. चित्राची तारीख भिंतीवरून ठरते, शैलीवरून नाही. म्हणूनच तिच्यावर जास्त विश्वास ठेवता येतो. याला आपण कॅलिब्रेशन म्हणतो. तुमच्या कामात असा ‘वॉलपेपर’ कोणता आहे ते शोधून ठेवा, म्हणजे तुमच्या सिद्धांतावर अजिबात अवलंबून नसलेला एखादा खुंटा.

आणखी एक गंमत. झुरिकच्या ब्यूर्ले संग्रहातलं पंखा घेतलेलं चित्र सेझानने १८७०च्या दशकाच्या अखेरीस सुरू केलं आणि जवळपास दहा वर्षांनी त्यावर पुन्हा काम केलं असं मानतात. मग त्या चित्रातली बाई कोणत्या वर्षीची? एकाच कॅनव्हासवर दोन वयं. हेच चित्र पुढे १९०४ मध्ये लिओ आणि गर्ट्रूड स्टाइन या भावाबहिणीने घेतलं आणि पॅरिसच्या त्यांच्या दिवाणखान्यात ते कितीतरी तरुण चित्रकारांनी पाहिलं.

मग चित्रांत आहे तरी काय?

इथवर आपण फक्त ‘यावरून हे सिद्ध होत नाही’ असं म्हणत आलो. नुसतं तेवढं म्हणणारा परीक्षक कुणालाच आवडत नाही, आणि टीका तिथे थांबली तर ती अर्धवट. म्हणून आता चित्रांकडे बघू.

चार चित्रांत ओर्तांसने एकच लाल पोशाख घातला आहे. एक न्यूयॉर्कला, एक शिकागोला, एक स्वित्झर्लंडमध्ये बासेलजवळच्या बायलर संग्रहालयात, एक साओ पाउलोला. पोशाख तोच, बाई तीच. आपल्या भाषेत याला रेप्लिकेट म्हणायला हरकत नाही. शिकागो आणि बायलरची चित्रं तर पिवळ्या खुर्चीसकट इतकी जवळची आहेत की घाईत एकासारखं एक वाटावं. पण शेजारी ठेवा आणि दहा मिनिटं द्या. चेहऱ्याचा कल, खांद्यांची रेषा, पार्श्वभूमीशी असलेलं डोक्याचं नातं, सगळं थोडं थोडं हललेलं आहे. न्यूयॉर्कच्या चित्रात तर खोलीच कलली आहे. डावीकडे आरसा आणि शेकोटी, उजवीकडे नक्षीचा जड पडदा, आणि मधे ओर्तांस जणू घसरत्या जमिनीवर निश्चल बसलेली. सगळं डगमगतंय आणि ती तेवढी स्थिर आहे. चौघांत मला हे सर्वांत धाडसी वाटतं. साओ पाउलोचं मात्र, निदान प्रतिमेवरून, मला तितकं पकडत नाही. तिथे खोली नाही, त्यामुळे स्थिरपणाला टक्कर द्यायला काही उरत नाही.

सर्वांत चांगलं चित्र कोणतं म्हणाल तर माझं मत बॉस्टनच्या लाल खुर्चीला. पट्ट्यांचा घागरा, निळसर जाकीट, गळ्याशी बो, बोटं एकमेकांत अडकवलेली, आणि मागे ती प्रचंड लाल खुर्ची. चेहऱ्यावर हिरवट, निळसर, गुलाबी रंगांचे तुकडे आहेत, आणि ते सगळे घागऱ्यातून, भिंतीतून, खुर्चीतून उसने घेतलेले. चेहरा वेगळा काढून बघता येत नाही. कवी रिल्केने १९०७ च्या पॅरिसच्या प्रदर्शनात हे चित्र पाहिलं आणि त्याबद्दल लांबलचक पत्र लिहिलं, तेही स्वतःच्या बायकोला, शिल्पकार क्लाराला. त्या पत्रात तो बाईच्या स्वभावाचा अंदाज बांधत बसत नाही. रंग एकमेकांना कसे सांभाळतात याकडे बघतो. मला वाटतं त्याने वाचन बरोबर केलं. त्याने उपलब्ध डेटाला पेलेल तेवढाच प्रश्न विचारला.

आणि १८९१ च्या सुमाराचं ‘काचघरातली मादाम सेझान’. एक्सजवळच्या सेझानच्या घरच्या, जा द बूफांच्या, काचघरात ती बसली आहे, शेजारी झाड आणि कुंड्या. चेहरा पुरा केलेला, पण पोशाख आणि हात अर्धवट, खाली कॅनव्हास तसाच दिसतोय. काहींना ते अपुरं वाटतं. मला ते प्रामाणिक वाटतं. जिथपर्यंत बघून झालं तिथपर्यंत रंग, पुढे कोरी जागा. आपल्यापैकी कितीजण थिसिसमध्ये अशी कोरी जागा ठेवायला धजतात?

दुसऱ्या टोकाची घाई

अलीकडच्या वीसेक वर्षांत ओर्तांसची बाजू घेणारं लेखन झालं. सुझन सिडलॉस्कस यांचं २००९ चं पुस्तक पूर्ण या चित्रमालिकेवर आहे. रूथ बटलर यांनी त्याआधीच्या वर्षी सेझान, मोने आणि रोदां यांच्या बायका-मॉडेल्सवर एकत्र पुस्तक लिहिलं. हे व्हायलाच हवं होतं. ज्या बाईला शंभर वर्षं सामान म्हणून बघितलं तिला माणूस म्हणून बघायला कुणीतरी सुरुवात करायला हवी होती. पण अशा लेखनाची हवा झाली की वाचकही उलट टोकाला पळतात: ती खरी प्रेरणा होती, ही छुपी प्रेमकथा आहे, वगैरे. थांबा. कोऱ्या चेहऱ्यावरून दुरावा सिद्ध होत नसेल तर त्याच कोऱ्या चेहऱ्यावरून प्रेमही सिद्ध होत नाही. दोघं बराच काळ वेगवेगळ्या गावी राहिली, ती पॅरिसला, तो एक्सला. आणि १८९०च्या दशकाच्या सुरुवातीनंतर तिची तैलचित्रं थांबतात, तो पुढे १९०६ पर्यंत जगला तरी. मालिका का थांबली, याचं उत्तर मालिकेत नाही.

तुलनेसाठी पिएर बोनारकडे एक नजर टाका. त्याची आणि मार्तची भेट १८९३ मध्ये झाली, लग्न १९२५ मध्ये, ती वारली १९४२ मध्ये. तिची त्याने शेकडो चित्रं काढली, त्यांत न्हाणीतली कितीतरी. पण बोनार समोर बसवून रंगवत नसे. झटपट रेखाटन करायचा आणि चित्र पुढे आठवणीतून करायचा. त्यामुळे सत्तरी गाठलेली मार्त चित्रात तरुणीच राहिली. तिच्या मृत्यूच्या वेळी टबातलं एक चित्र अपुरं होतं, ते त्याने १९४६ पर्यंत चालू ठेवलं. बोनारच्या चित्रांवरून कुणी मार्तच्या वयाचा आलेख काढला तर तो जवळजवळ सपाट येईल! आठवण हे त्याचं उपकरण, आणि त्या उपकरणाचा स्वतःचा कल. सेझानचा कल वेगळा. बायकोला वर्षानुवर्षं रंगवणं हा वरवर एकच प्रयोग वाटतो, पण या दोघांची प्रोटोकॉल इतकी भिन्न आहेत की त्यांचे निष्कर्ष एका तक्त्यात टाकता येणार नाहीत.

आपल्या कामाचं काय?

मी स्वतः पानांच्या वाढीवर काम करते. त्याच झाडांच्या त्याच पानांचे ठरलेल्या वेळी फोटो घ्यायचे, आठवडेच्या आठवडे. बघणाऱ्याला वाटतं, काय हे तेच तेच. सेझानच्या २९ चित्रांनी मला यातली एक गोष्ट नीट दाखवली. तेच तेच बघितल्याशिवाय काय बदलतंय आणि काय आपणच बदलवतोय हे वेगळं करता येत नाही. एका चित्रावरून आपण ओर्तांसबद्दल काहीही म्हणू शकलो असतो. २९ चित्रं, २६ आत्मचित्रं आणि ढीगभर रेखाटनं हाताशी आहेत म्हणूनच निदान काय म्हणता येत नाही ते कळतं.

आणि या चित्रांवरून एक गोष्ट मात्र खात्रीने म्हणता येते. ती बसली. वीस वर्षांहून अधिक काळ, पुन्हा पुन्हा, तासन्‌तास, खेकसणाऱ्या माणसासमोर. लोकांपासून लपवून ठेवलेली असतानाही आणि नंतरही. हे श्रम चित्राइतकेच खरे आहेत आणि त्यांना भावनेचा अर्थ लावायची गरज नाही. तुमच्या संशोधनात माणसं सहभागी असतील, मुलाखती, सर्वेक्षण, वैद्यकीय नमुने काहीही, तर हे लक्षात ठेवा: त्यांनी तुम्हाला वेळ दिला, स्वतःबद्दल वाट्टेल ते अनुमान काढायची परवानगी दिलेली नाही.

आता गृहपाठ. लाल पोशाखातली चारही चित्रं स्क्रीनवर शेजारी लावा. वहीच्या पानाचे दोन भाग करा. डावीकडे ‘दिसतं’, उजवीकडे ‘वाटतं’. वीस मिनिटं लिहा. मग उजवीकडच्या प्रत्येक ओळीपुढे डावीकडचा आधार दाखवा, आणि ज्या ओळीला आधार मिळणार नाही ती खोडा, कितीही सुंदर असली तरी. नंतर हेच तुमच्या प्रपोजलच्या पहिल्या पानावर करून बघा. किती ओळी उरतात ते कमेंटमध्ये सांगितलंत तर पुढच्या लेखात त्यावरच बोलू.